टाकून दिलेल्या मुलांची शक्ती

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागले की पंचवीसेक किलोमीटरवर राजूर येते. गाणपत्य संप्रदायात गणपतीची साडेतीन पीठे मानतात. मोरगाव, राजूर आणि पद्मालय ही तीन पूर्ण, आणि चिंचवड हे अर्धे. अंगारकी चतुर्थी आली की जालन्याकडून रात्रीच पायी निघालेल्या माणसांनी हा रस्ता भरून जातो. त्यात बायाबापड्या असतात, म्हातारी माणसे असतात आणि शाळकरी पोरांचे घोळकेही असतात. ज्या देवाकडे ही पोरे चाललेली असतात, त्याची राजूरशी जोडलेली कथा त्यांच्याच वयाच्या आसपासच्या एका मुलाची आहे.

गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात ती येते. वरेण्य नावाचा राजा आणि पुष्पिका त्याची राणी. राणी बाळंत झाली आणि कुशीत पाहते तो हत्तीच्या तोंडाचे मूल! राजवाडा हादरला. हे मूल घरात नको असे ठरले आणि राजाने त्याला रानात टाकून द्यायला लावले. ते पराशर ऋषींना सापडले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, वत्सलेने, त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. पुढे पोरवयातच हा मुलगा उंदरावर बसून निघाला आणि जगाला त्राही करून सोडणाऱ्या सिंदुरासुराला त्याने मारले. आता वरेण्याला कळले की आपण टाकले ते कोण होते. तो खाली मान घालून आला. मुलाने बापाला शिक्षा केली नाही, त्याला ज्ञान सांगितले. तीच अकरा अध्यायांची गणेशगीता, आणि ती जिथे सांगितली ते राजसदन म्हणजे राजूर, अशी श्रद्धा आहे.

माझा धर्म वेगळा आहे, त्यामुळे या कथेच्या पूजेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण कथा ऐकण्याचा अधिकार सगळ्यांना असतो, आणि मी ती कवितेच्या माणसाच्या कानाने ऐकतो. मला तिच्यात चार गोष्टी ऐकू येतात. मुलगा इतरांपेक्षा वेगळा दिसतो. त्या वेगळेपणापायी त्याला घराबाहेर काढतात. ज्याची लाज वाटली, त्याच्याच ठायी शक्ती निघते. आणि शेवटी, ज्यांनी टाकले त्यांच्याकडे तो परत येतो. आज जगभर कुमारवयीन वाचकांसाठी अचाट शक्तीच्या मुलामुलींच्या ज्या कादंबऱ्या आणि चित्रकथा लाखांनी खपतात, त्यांचा साचा बहुतेक हाच आहे.

तिकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत चित्रकथांचे महानायक आले ते १९३८ साली, सुपरमॅनपासून. तेव्हा मुलांच्या वाट्याला दुय्यम काम होते. १९४० साली बॅटमॅनच्या जोडीला रॉबिन आला, तो मदतनीस म्हणून. त्याच वर्षी बिली बॅटसन नावाचा अनाथ, वर्तमानपत्रे विकणारा पोरगा आला. पण एक मंत्र उच्चारला की तो मोठा पुरुष व्हायचा आणि मग पराक्रम करायचा. म्हणजे शक्ती हवी तर आधी मोठे व्हायला हवे, असा तो हिशोब होता. तो मोडला १९६२ साली. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन काढला. पीटर पार्कर हा शाळेत जाणारा, चिडवला जाणारा पोर. मुखवट्याच्या आतही तो पोरच राहिला, पैशांची ओढाताण आणि काकूची काळजी यांच्यासकट. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, ली आणि जॅक कर्बी यांनी 'एक्स-मेन' काढले. तिथे तर एक आख्खी शाळाच आहे, जन्मतः वेगळ्या असलेल्या आणि म्हणून जगाला नकोशा झालेल्या मुलांची.

या वयालाच हे का रुचले, ते समजायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी अंग बदलते, आवाज फुटतो, आरशातला चेहरा ओळखीचा वाटेनासा होतो. घरात लहान म्हणून ऐकून घेत नाहीत आणि कामाला मोठा म्हणून जुंपतात. आपल्यात काहीतरी चालले आहे आणि ते कुणाला सांगता येत नाही, ही त्या वयाची रोजची गोष्ट. शक्तीची कथा त्या 'काहीतरी'ला नाव देते.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. राजूरभोवती शंभर-सव्वाशे किलोमीटरचे रिंगण ओढले तर त्यात अशी किती मुले सापडतात पाहा. गोदाकाठी पैठणजवळ आपेगाव. तिथल्या विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार केला म्हणून त्यांच्या चार मुलांना जातीने वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला, आणि ही पोरकी मुले शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. पुढची कथा घरोघरी ठाऊक आहे. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. चौदाशे वर्षांचा योगी चांगदेव वाघावर बसून भेटीला आला, तेव्हा ही भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच चालू लागली. महिपतीने अठराव्या शतकात 'भक्तिविजय' लिहिला, त्यात या कथा ओवीबद्ध झाल्या आणि गावोगाव वाचल्या गेल्या.

या मुलांची वये लक्षात घ्या. परंपरेने ज्ञानदेवांचा जन्म १२७५चा. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पंधरा वर्षांचा मुलगा! मुक्ताबाई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, आणि एवढ्या मोठ्या चांगदेवाची ती गुरू मानली जाते. रागावून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत घालणारे ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत. रेडा बोलला का, भिंत चालली का, यावर वाद घालणारे घालोत. ज्या मुलांना पंगतीत बसू दिले नाही, त्यांच्याविषयी लोकांनी सातशे वर्षे काय सांगितले, इकडे माझे लक्ष जाते. लोकांनी सांगितले की त्यांच्यापुढे वेदांचा मक्ता चालला नाही आणि भिंतीलाही पाय फुटले. वाळीत टाकणाऱ्या व्यवस्थेला लोकांनी कथेतून दिलेला तो जबाब होता.

याच जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब आहे. १६०८ साली तिथे जन्मलेला नारायण ठोसर बाराव्या वर्षी बोहल्यावरून पळाला. लग्नातला 'सावधान' हा शब्द त्याने शब्दशः घेतला. तो पुढे रामदास झाला. अंगात कुठली जादू नसतानाही, बाराव्या वर्षी लग्नातून पळणे ही आपल्या समाजात मोठीच शक्ती म्हणायला हवी. ती मुलीला त्या काळी परवडली नसती आणि आजही सहज परवडत नाही.

आणि नवनाथ? मालू कवीचा 'नवनाथ भक्तिसार' शके १७४१चा, म्हणजे १८१९चा. चाळीस अध्यायांची ही पोथी मराठवाड्यात श्रावणात अजून लागते. मी जिथे वाढलो तिथे शेजारच्या ओट्यावर ती लागायची आणि आम्ही मुसलमानांची पोरेही प्रसादाच्या आशेने आणि गोष्टीच्या ओढीने पायरीवर बसायचो. मच्छिंद्र माशाच्या पोटातून आला, कानिफा हत्तीच्या कानातून, जालिंदर यज्ञाच्या अग्नीतून. पण आम्हा पोरांचा लाडका होता तो गोरक्ष. मच्छिंद्रनाथांनी मूल व्हावे म्हणून दिलेली विभूती त्या बाईने भीतीने उकिरड्यावर टाकली. बारा वर्षांनी नाथ परत आले, उकिरड्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. आतून आवाज आला. शेणामातीचा ढीग उकरला तर आत बारा वर्षांचा मुलगा! गावाने बारा वर्षे ज्यावर केर टाकला, त्याच्याखाली गुरूच्याही पुढे जाणारा एक शिष्य वाढत होता. सिद्धी म्हणाल तर पुढे त्याने पुष्कळ दाखवल्या, पण आमच्या अंगावर काटा यायचा तो त्या उकिरड्यातल्या आवाजाने.

घरी परतलो की दुसरे दालन उघडायचे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या आधीच्या पिढ्यांचे लिहिणे-वाचणे उर्दूत झालेले. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'दास्तान-ए-अमीर हमजा' आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापले, ते उर्दू जाणणाऱ्या मुलखात दूरवर वाचले गेले. खंड घरात नसले तरी गोष्टी घरात असत. दादी आमच्या दखनीत सांगायची. हमजा राजबिंडा, शूर. पण पोरांचा जीव अडकायचा उमर अय्यारमध्ये. हा उंटवाल्याचा पोरगा, किडकिडीत, खोडकर, नवाबी थाटाची खिल्ली उडवणारा. त्याच्याकडे जंबील नावाची पिशवी होती, तिच्यात सगळे जग मावायचे. आणि एक घोंगडी होती, ती पांघरली की तो दिसेनासा व्हायचा. पुढे हॅरी पॉटरची अदृश्य करणारी शाल सगळ्या जगाने नवलाने पाहिली, तेव्हा मला ती घोंगडी आठवली. इथेही तेच सूत्र होते. तलवार थोरांच्या घरातल्या पोराला मिळाली आणि करामत मिळाली ती उंटवाल्याच्या पोराला.

मग असा प्रश्न पडतो की एवढा ठेवा असताना मराठीत छापलेल्या मुलांच्या साहित्यात अशी मुले विरळ का झाली? याला कारण आहे, आणि ते टाकाऊ नाही. एकोणिसाव्या शतकात सुरुवात तर झोकात झाली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या. पण पुढे सुधारणेचे आणि राष्ट्रकार्याचे दिवस आले. चमत्कार म्हणजे अंधश्रद्धा, आणि मुलांच्या हाती द्यायचे ते संस्कार, असे शिकलेल्या घरांत ठरत गेले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ती मोठीच गोष्ट आहे, कारण गरीब घरातल्या मुलाचे मन मराठीत पहिल्यांदा इतके उघडे झाले. पण तिच्यानंतर कित्येकांनी फक्त गुणी मुलगा उचलला आणि त्याचे मन मागे ठेवले.

भा. रा. भागवत यांनी यातून वाट काढली. त्यांनी जूल व्हर्न मराठीत आणला आणि 'फास्टर फेणे' दिला. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला हा बनेश फेणे. शहरातल्या पोरांत खेड्यातला, हाडकुळा, पण पाय असे की सायकल विमानासारखी जावी. भागवतांनी चमत्कार न घालता शक्ती दिली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे कुतूहल आणि वेग यांवरच त्यांनी वीस पुस्तके उभी केली. नव्वदच्या आधी वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांनी त्याच्या नादाने सायकली हाणल्या. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली चित्रपटात.

बाकीची भूक बाहेरून भागत गेली. मद्रासहून निघणारा 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येऊ लागला. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चालले. त्यातला वेताळ आणि मँड्रेक आम्हाला बाजाराच्या गावी भाड्याने मिळत. पण ते सारे मोठे पुरुष. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला आणि २००५ पर्यंत चालला. रविवारी दुपारी गल्ल्या ओस पडत. तोही मोठाच होता. मुले होती ती संकटात सापडून हाका मारण्यापुरती. काही मुलांनी तो वाचवायला येईल या भरवशावर जिवावरचे खेळ केल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या, आणि मालिकेच्या शेवटी नायकाला मुलांशी बोलून समजावावे लागे.

या बातम्यांकडे मी दुर्लक्ष करणार नाही. आपल्याकडे चमत्कार ही निव्वळ गोष्ट नसते. त्यावर बुवा-बाबांची दुकाने चालतात, आजारी पोराला दवाखान्याऐवजी अंगाऱ्याकडे नेले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नाही. मग मुलांना शक्तीच्या गोष्टी द्यायच्या का? माझे उत्तर असे की द्यायच्या, आणि कादंबरी म्हणून द्यायच्या. बुवा म्हणतो, माझ्यात शक्ती आहे, माझ्या पाया पड. कादंबरी म्हणते, समजा तुझ्यात शक्ती असती तर तू काय केले असतेस? बुवाच्या बोलण्यात पोर लहान होते, कादंबरीच्या प्रश्नात ते मोठे होते. 'समजा' हा शब्द ज्याला नीट कळला, त्याला फसवणे अवघड जाते.

इतर भाषांनी हा 'समजा' कसा वापरला त्याची तीन उदाहरणे देतो. २००४ साली स्पायडरमॅनचा भारतीय अवतार निघाला. त्यातला मुलगा पवित्र प्रभाकर. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत आलेला, कपड्यांवरून हसे होणारा. २०२३च्या चित्रपटात तो पुन्हा दिसला, तोवर त्याचे खेडे पुसले गेले होते. दुसरे उदाहरण २०१८चे. रोशनी चोक्शी या लेखिकेने इंग्रजीत आरू शाह नावाची बारा वर्षांची मुलगी लिहिली. अमेरिकेत राहणाऱ्या या मुलीत पांडवाचा आत्मा आहे. महाभारतातल्या भावांच्या जागी मुली उभ्या राहिल्या, आणि ही पुस्तके तिकडची मुले रांगा लावून वाचतात.

तिसरी कमला खान. २०१४ साली तिची स्वतंत्र चित्रकथा सुरू झाली. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी कुटुंबातली सोळा वर्षांची मुसलमान मुलगी. तिला रूप बदलण्याची शक्ती मिळते, आणि ती सर्वांत आधी काय करते? आपल्या लाडक्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेसारखी होते. मग हळूहळू तिला उमगते की स्वतःच्या चेहऱ्यानेही वीर होता येते. २०२२ साली तिच्यावर मालिका आली, तीत १९४७ची फाळणी आणि तिची पणजी आली. मराठी कानाला कमला म्हणजे कमळ, लक्ष्मी. अरबीत कमाल म्हणजे पूर्णत्व. एका पोरीच्या नावात दोन्ही सामावतात, हे माझ्यासारख्या दोन भाषांच्या मधोमध बसलेल्या माणसाला फार सुखावते. खान आडनावाची मुलगी गोष्टीत आली, आणि तिला ना कुणी संशयाने पाहिले ना कुणी तिची कीव केली. असे आमच्या लहानपणी कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळाले नाही. आपला चेहरा गोष्टीत नसणे म्हणजे काय, हे ज्याचा चेहरा असतो त्याला कळत नाही.

म्हणून मला आज भोकरदन, जाफराबाद, घनसावंगीतल्या चौदा वर्षांच्या मुलामुलींची आठवण होते. दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतून ऊसतोडीला कोयते निघतात. पोरे आईबापांबरोबर फडावर जातात किंवा आजीपाशी मागे राहतात. मुली शाळेतून काढल्या जातात आणि लग्नाला उभ्या केल्या जातात. ही आपली वाळीत पडलेली भावंडे. समजा, फडावरच्या एका पोरीला पाचटाच्या धगीतून न भाजता चालता येते. समजा, एका पोराला आटलेल्या विहिरीखालचे पाणी ऐकू येते. समजा, बोहल्यावरची मुलगी 'सावधान' म्हणताच दिसेनाशी होते. ती पुढे काय करील? गाव तिला देवी म्हणून मखरात बसवील की चेटकीण म्हणून दगड मारील? मैत्रिणीला ती सांगेल का? ही कादंबरी अमेरिकेत लिहिता येणार नाही. ती मराठीतच लिहावी लागेल, आणि ती लिहिणारी व्यक्ती आज बहुधा एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी-नववीत बसलेली असेल.

तिला देण्यासारखे आपल्याकडे एक गोष्ट आहे. तिकडच्या कथांत शक्तीचा शेवट बहुधा लढाईत होतो. आपल्या जुन्या कथा त्याच्या एक पाऊल पुढे जातात. राजूरच्या कथेत असुर मेल्यावर गोष्ट संपत नाही. टाकून देणारा बाप समोर येतो आणि मुलगा त्याला जवळ बसवून शहाणपण सांगतो. वाळीत टाकलेल्या ज्ञानदेवाने शेवटी मागणे मागितले ते दुष्टांच्या नाशाचे नव्हते, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा एवढेच होते. ज्याला घराबाहेर काढले त्यानेच घर दुरुस्त करावे, ही अपेक्षा मुलांवर अन्यायाची आहे, हे मला कळते. पण ही ताकद बुक्कीपेक्षा मोठी आहे, हेही खरे.

तेव्हा घरातल्या मोठ्यांना माझी एक विनंती आहे. पोरगी वहीच्या मागच्या पानांवर उडणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिताना दिसली तर वही हिसकावू नका आणि अभ्यासाचे काय झाले असेही लगेच विचारू नका. तिला फक्त विचारा, पुढे काय झाले?